तीनाचे दोन

तब्रीझच्या मुलांच्या शाळेत, तळमजल्यावर,
पूर्वी खडूचे खोके ठेवायचे ती खोली माझी.
खुर्च्या दोन. हीटर एक, तो लाथ मारल्यावर चालतो.
सहंदला पहिल्या दिवशी त्याचं फार कौतुक वाटलं:
मारलेली लाथ इथे कामाला येते म्हणून.

रेझवानीबाईंनी फॉर्म भरून पाठवला होता.
मोठ्यांशी वाद घालतो: तीन.
सांगितलेलं ऐकत नाही: तीन.
मुद्दाम दुसऱ्यांना चिडवतो: तीन.
पट्टी शून्य ते तीनच होती,
नाहीतर त्यांनी सात दिले असते.
समासात पेन्सिलीनं: कोट काढत नाही.

नऊ वर्षं. नन्नाचा पाढा तोंडपाठ.
बस. नाही. चित्र काढतोस? नाही.
मग काय करायचंय? काहीच नाही.
बाप ट्रक घेऊन बाझरगानच्या सीमेवर,
पंधरवड्यातून एक शुक्रवार घरी.
आई म्हणाली, माझ्यापुढे डोक्यात राख घालून घेतो,
ते आले की लोण्याहून मऊ.

मी पुस्तकातला ज्वालामुखी काढला फळ्यावर,
तळाशी विचार, मध्ये राग, वर कृती, लाल खडूनं.
"हा तू. सांग, कुठे पेटायला लागतं?"
त्यानं फळा बघितला, मग खिडकीबाहेर.
"चूक आहे. सहंद फुटत नाही.
आजोबा तिथे मेंढ्या नेतात. त्याच्यावर बर्फ असतो."

प्रशिक्षणात याला विरोध म्हणतात.
मी लाल खडू खाली ठेवला.
"बरं. मग बर्फ कधी वितळतो?"
बराच वेळ नुसता हीटरचा आवाज.
"सगळे बघतात तेव्हा."

कोटाचं तीन आठवड्यांनी कळलं.
आत ताईचा स्वेटर, गुलाबी, छातीवर बदक.
बाई म्हणतात, कोट काढ,
डोक्यात येतं, आता वर्ग हसणार,
हाताला घाम, बाकावर लाथ, वर्गाबाहेर.
बाण त्यानं स्वतः काढले, चार, वाकडे.
"हसणार"पाशी मी बोट ठेवलं: नक्की? किती जण?
"एकोणतीस."
मग, "फरझाद नाही. त्याचाही भावाचाच असतो."
एकोणतीस खोडून अठ्ठावीस.
त्या मंगळवारी एवढंच झालं.

मला वाटलं, सापडलं.
शनिवारी त्यानं फरझादच्याच दप्तरात चहा ओतला.
का? असंच.
प्रत्येक नकाराखाली स्वेटर नसतो.

त्या रात्री तोच तक्ता मी माझ्यासाठी आखला.
घटना: पोरगं माझ्या तोंडाकडे बघून हसलं.
विचार: मी याला नमवलं नाही तर हा मला नमवेल.
पुरावा: रिकामा.
कोणी शिकवलं, असा रकाना छापलेला नसतो.
आमच्या दाराआड एका खिळ्यावर वडिलांचा पट्टा असे.
एकदाच वापरला, पण खिळा कधी काढला नाही.

आईला गृहपाठ दिला: रोज एक चांगलं वाक्य, त्याच्याबद्दल, त्याच्यासमोर.
ती हसली. काय बोलू?
चौथ्या दिवशी तिला सापडलं: आज दार हळू लावलंस.
मग म्हणे तो संध्याकाळभर दारं लावत हिंडला,
कोणी ऐकतंय का बघत.

नौरोजच्या आधी नवा फॉर्म आला.
वाद घालतो: तीन. चिडवतो: तीन.
ऐकत नाही: दोन.
मुख्याध्यापक म्हणाले, इतक्या महिन्यांत एकच?
एकच, म्हटलं मी, आणि कागद फाईलला लावला.

शेवटच्या दिवशी: "खुर्ची जागेवर ठेव."
"नाही."
पुढचं वाक्य मी गिळलं. तोही काही गिळत होता,
ओठ हलत होते, आकडे, दहापासून उलटे,
शाळेच्या फारसीत नाही, घरच्या तुर्कीत.
"थोड्या वेळानं ठेवतो."
ठेवली. तिरकी.

तो गेल्यावर बघते तर खुंटीवर कोट.
बाहेर अजून गोठवणारी थंडी.
मी जिन्यापर्यंत धावले, हाक मारली, कोट घेऊन जा.
वळणावर बदक क्षणभर दिसलं.
"नाही," म्हणाला.